लेबलबाई

बाईंच्या खोलीवर मी पहिल्यांदा गेले तेव्हा चहा होईपर्यंत नुसती वाचत बसले. साखरेच्या डब्यावर ‘साखर’, मिठाच्या बरणीवर ‘मीठ’, माठावर ‘पाणी’ आणि त्याखाली माठ भरल्याची तारीख. काचेच्या स्वच्छ बरणीत हरभऱ्याची डाळ उघड दिसत होती, तरी तिच्यावरही ‘हरभरा डाळ’ अशी चिठ्ठी होती. मी म्हटलं, बाई, ही तर दिसतेच आहे. त्या गॅसपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. वळल्याही नाहीत. म्हणाल्या, “लाइट गेल्यावर दिसते का?”

लाइट आमच्याकडे रोजच जायची.

फैजपूरपासून जवळच आमचं गाव. गावच्या शाळेत बाई आठवी ते दहावीला विज्ञान शिकवायच्या. म्हणजे वेळापत्रकात तसं लिहिलेलं असायचं. प्रत्यक्षात त्या रसायनशास्त्र शिकवायच्या आणि बाकीचं सगळं वर्षाच्या शेवटी घाईघाईनं उरकायच्या. भिंगं, आरसे आणि पेशी आमच्या वाट्याला जरा कमीच आल्या. फैजपूरला त्यांची भाड्याची खोली होती, तिथून रोज एसटीनं यायच्या. उंच, काटकुळ्या, सुती साडी, आणि साडीवर एकेकाळी पांढरा असलेला ॲप्रन. पदराला बारीक बारीक भोकं पडलेली. नवीन मुलांना वाटायचं, साडीला कसर लागलीय. ती ॲसिडाच्या थेंबांची होती.

गावात त्यांना लेबलबाई म्हणत. हे त्यांना माहीत होतं. एकदा एका मुलानं चुकून तोंडावरच म्हटलं, तर त्या म्हणाल्या, ठीक आहे, निदान कुणावर काय लिहिलंय ते तुला वाचता येतं.

आठवीच्या पहिल्याच तासाला त्यांनी आमची नावं काढून घेतली. ज्या क्रमानं बसलो होतो त्याच क्रमानं एकेकाला मूलद्रव्य दिलं. पहिल्या बाकावरची हर्षदा हायड्रोजन, तिच्याशेजारची हेलियम, असं मागेपर्यंत. मी आर्गॉन. हे मूलद्रव्य कुणाशी जोडलं जात नाही, असं सांगून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “तू तशीही कुणाशी बोलत नाहीस.” हजेरी तशीच व्हायची. “कार्बन?” “हजर.” “नायट्रोजन?” “बाई, तो केळी कापायला गेलाय.” मागच्या बाकांवरच्या मुलांना अशी मूलद्रव्यं मिळाली की ती सांगताना त्यांचीच जीभ अडखळायची. एकाच्या वाट्याला आर्सेनिक आलं. त्याच्या वडिलांना कुणीतरी सांगितलं, की हे विष आहे. ते शाळेत आले आणि माझ्या पोराला दुसरं काहीतरी द्या, म्हणून बसले. बाईंनी फळ्यावर आर्सेनिकचा अणू काढला. केंद्रकात किती प्रोटॉन, बाहेर किती इलेक्ट्रॉन, आणि एक जरी प्रोटॉन कमीजास्त केला तरी ते आर्सेनिक कसं राहत नाही, हे त्यांना इतक्या सावकाश समजावलं की शेवटी ते उठले आणि म्हणाले, राहू द्या बाई, हेच असू द्या. मुलाला बाहेर गाठून त्यांनी विचारलं, ही रोज असंच करते का?

आयन शिकवताना मात्र घोटाळा झाला. सोडियम आमच्या वर्गातला एक मुलगा होता आणि क्लोरीन मुलगी. बाईंनी सोडियमच्या हातात खडू दिला. म्हणाल्या, हा तुझा सगळ्यात बाहेरचा इलेक्ट्रॉन. तुला नकोसा झालाय, तिला हवाय, देऊन टाक. त्यानं लाजत खडू दिला. बाई म्हणाल्या, आता तू धन झालास, ती ऋण झाली, आता तुम्हा दोघांना एकमेकांची ओढ. वर्ग खिदळायला लागला. ही गोष्ट संध्याकाळपर्यंत गावात पोचली आणि दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावून घेतलं. त्यानंतर सोडियम आणि क्लोरीन या दोन्ही मुलीच असत. बाईंना त्यात काही गैर वाटलं नाही. इलेक्ट्रॉन पोचल्याशी कारण, असं त्यांनी आम्हाला सांगितलं.

त्यांचा आवडता धडा तोच होता. पाण्याच्या परातीत वाटाण्याएवढा सोडियमचा तुकडा टाकायच्या. तो तडतडत, धूर सोडत पाण्यावर गरगर फिरायचा आणि आम्ही बाकांवर चढायचो. मग सांगायच्या, हा असा. आणि क्लोरीन कसा, तर पिवळट हिरवा, श्वासात गेला तर छाती जाळणारा. आणि हे दोघे एकत्र आले की काय होतं? त्या खिशातून कागदाची पुडी काढायच्या आणि प्रत्येकाच्या तळहातावर चिमूटभर मीठ ठेवायच्या. “खा.” आम्ही खायचो. त्या आमच्या तोंडांकडे बघत उभ्या राहायच्या. दरवर्षी तोच धडा आणि दरवर्षी तीच पुडी, पण त्या वेळी बाईंचा चेहरा असा व्हायचा की जणू हे त्यांनाही आत्ताच कळलंय.

बाजारात त्यांच्याबरोबर जाणं ही शिक्षा होती. फैजपूरच्या बाजारात एक केळीवाला ‘बिगर केमिकलची केळी’ म्हणून ओरडत होता. बाई थांबल्या. त्यांनी त्याला सांगितलं, की केळ्यात पोटॅशियम आहे, साखर आहे, पाणी आहे, आणि पाणी हेसुद्धा केमिकलच. केळं पिकतं ते त्यातून सुटणाऱ्या एका वायूमुळे, तोही केमिकलच. तू म्हणतोस ते केमिकल म्हणजे कार्बाइड, तर तसं नाव घेऊन सांग. केळीवाला ऐकत राहिला. मागे गिऱ्हाइकं साठली. शेवटी तो म्हणाला, “बाई, घ्यायची का नाही तेवढं सांगा.” बाईंनी डझनभर घेतली.

वास घ्यायची त्यांची एक पद्धत होती. नाक कधीच भांड्याजवळ न्यायच्या नाहीत. हातानं हवा आपल्याकडे लोटून घ्यायच्या. प्रयोगशाळेत हे ठीक होतं. पण एका लग्नात वांग्याच्या भरिताच्या पातेल्यावर त्यांनी तसा हात हलवला आणि आचारी बिथरला. आमच्याकडे भरितावर कुणी शंका घेत नाही.

गावाला त्यांचा खरा राग आला तो लेबलांवरून. आम्ही नववीत असताना त्यांनी घरपाठ दिला, की घरातल्या प्रत्येक बाटलीवर आणि डब्यावर आत काय आहे ते लिहून चिकटवायचं. केळी पिकवणाऱ्यांच्या घरात बाटल्यांना तोटा नसतो. फवारणीचं औषध, तणनाशक, ड्रिप धुवायचं ॲसिड, फरशी पुसायचं पांढरं फिनेल, आणि हे बहुतेक सगळं थंड पेयांच्या रिकाम्या बाटल्यांत भरून ठेवलेलं. आमच्या ओट्यावर तशा बाटल्यांची रांगच होती. मी चिठ्ठ्या चिकटवायला लागले तर आबा, म्हणजे माझे आजोबा, म्हणाले, मले वाचता येत नाही, माह्यासाठी काय लिहिशील? मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, त्यांनाच विचार, त्यांना कशाची भीती वाटते. आबांनी थोडा विचार करून सांगितलं, विंचू. मग मी औषधाच्या प्रत्येक बाटलीवर विंचू काढला. माझं चित्र चांगलं नव्हतं, विंचू खेकड्यासारखे दिसत होते, पण आबांचं काम भागलं.

काही घरांत मात्र कुरबुर झाली. घरातलं बाहेरच्यांनी कशाला बघायचं, बाई घरोघर जाऊन झडती घेतात, असं लोक म्हणू लागले. आम्हा मुलींचा वेगळाच तर्क होता. बाईंच्या घरी नक्कीच कुणीतरी भलत्या बाटलीतलं काहीतरी पिऊन गेलं असणार. कुणी म्हणे भाऊ, कुणी म्हणे नवरा. हर्षदा धीट, तिनं विचारूनच टाकलं. बाई चकित झाल्या. “कुणी नाही मेलं,” त्या म्हणाल्या. “मरू नये म्हणूनच तर लावायचं.”

त्यांच्या घरचं माणूस आम्ही कधी पाहिलं नाही, पण माणसं होती. त्या शिंदखेडा तालुक्यातल्या, नरडाण्याजवळच्या. लग्न केलेलं नव्हतं. का, हे त्यांना विचारायची हिंमत हर्षदालाही झाली नाही. शिकवताना पुस्तकी मराठी बोलत, पण काही फुटलं, सांडलं, पेटलं की अहिराणी बाहेर यायची. “काय व्हयनं? हात दाखाड.” आमच्याकडची बोली वेगळी, ‘आहे’साठीच्या तिकडच्या ‘शे’ची आम्ही नक्कल करायचो. त्यांनी ऐकलं तर त्या आमचे उच्चार दुरुस्त करायच्या.

नानांचं आणि त्यांचं जमायला वेळ लागला. नाना म्हणजे माझे वडील. मी नववीत असतानाच्या उन्हाळ्यात आमच्या केळीची ड्रिप बंद पडत होती. नळीची बारीक छिद्रं पांढऱ्या खड्यासारख्या कशानंतरी बुजत होती आणि ऐन उन्हात रोपं माना टाकत होती. वर्गात बाईंनी घरून चिमूटभर खत आणायला सांगितलं होतं. मी दोन पुड्या नेल्या, नाना टाकीत एकदम टाकायचे ती दोन खतं. बाईंनी दोन परीक्षानळ्यांत ती वेगवेगळी विरघळवली. दोन्ही नळ्या पाण्यासारख्या स्वच्छ. मग एकीतलं दुसरीत ओतलं आणि क्षणात ते दुधासारखं पांढरं झालं, थोड्या वेळानं तळाला साका बसला. त्या म्हणाल्या, एका खतात कॅल्शियमचे आयन, दुसऱ्यात फॉस्फेटचे, दोघांची गाठ पडली की सुटत नाही. हा साका नाही, ही तुमची ड्रिप आहे.

मी घरी सांगितलं. नाना जेवत होते. म्हणाले, सांग तुह्या बाईले, शाळा पाहाय म्हणा.

बाई पुढच्या रविवारी शेतात हजर. कुणी बोलावलं नव्हतं. बांधावरून छत्री घेऊन चालत आल्या. नानांनी त्यांना सावलीत बसवलं, पाणी दिलं, आणि सांगितलं, की दुकानदारानं दोन्ही खतं पाण्यात विरघळणारी म्हणूनच दिली आहेत. बाई म्हणाल्या, विरघळणारीच आहेत, फक्त एकत्र नाही. नाना म्हणाले, एकएकटं सोडलं तरी छिद्रं बुजतात, ते कसं? बाईंनी आमच्या विहिरीचं पाणी एका बाटलीत भरून घेतलं, बाटलीवर तिथंच चिठ्ठी लावली आणि निघाल्या.

पण निघता निघता त्यांचं लक्ष गेलं. छिद्रं मोकळी करायला नानांनी ॲसिड आणलं होतं. बादलीत आधी ॲसिड ओतलेलं, त्यातून धूर येतोय, आणि नाना वरून पाण्याची कळशी कलती करत होते. बाईंनी छत्री टाकली आणि धावत जाऊन त्यांचं मनगट धरलं. शेतात मजूर होते, बाया होत्या. सगळे थांबले. परक्या बाईनं नानांचा हात धरलेला आमच्यापैकी कुणी पाहिलेला नव्हता.

“आधी पाणी,” बाई म्हणाल्या. “मग ॲसिड. थोडं थोडं. उलटं केलं तर उकळून तोंडावर येतं.”

नानांनी कळशी खाली ठेवली. बाईंनी दुसरी बादली मागवली, अर्ध्याच्या वर पाण्यानं भरून घेतली आणि ते ॲसिड आपल्या हातानं धारेधारेनं त्यात सोडलं. मग छत्री उचलून गेल्या.

आठवडाभर नाना कुणाशी धड बोलले नाहीत. पुढच्या रविवारी बाई पुन्हा आल्या. ओट्यावर चढायच्या आधीच त्यांनी सांगितलं, की विहिरीच्या पाण्यातच कॅल्शियम भरपूर आहे, म्हणून एकटं फॉस्फेट सोडलं तरी साका होणारच. “तुमचं बरोबर होतं. अर्धं.” नाना हसले. त्यांना हसताना बघून मला हायसं वाटलं. त्यानंतर टाकीत काय एकत्र टाकायचं हे ते मला हळूच विचारायला सांगायचे, आणि बाईंच्या डब्यासाठी घरून केळीचे वेफर्स जायला लागले. बाई त्या पिशवीवरही चिठ्ठी लावून ठेवत.

मी दहावीला असताना जे झालं, ते आता सांगायला हवं.

शाळेची तपासणी होती. सुपडूभाऊ, आमचे शिपाई, पहाटेपासून कामाला लागले होते. मुलींच्या संडासात त्यांनी सकाळीच ब्लीचिंग पावडर टाकून ठेवली होती. तरी फरशीवरचे पिवळे डाग जाईनात. मुख्याध्यापकांनी चक्कर मारली आणि म्हणाले, ॲसिड टाका. सुपडूभाऊंनी दारातून हाक दिली, आत कुणी आहे का? कुणी ओ दिली नाही. हर्षदा आत होती. तिच्या वडिलांशी सकाळी तिचं वाजलं होतं, ती आतल्या कप्प्यात कडी लावून रडत बसली होती आणि पुरुषाचा आवाज ऐकून गप्प राहिली. शेजारच्या कप्प्यात पाचवीतली एक पोर होती, तीही घाबरून गप्प. सुपडूभाऊंनी फरशीवर ॲसिड ओतलं, जरा मुरू द्यावं म्हणून बाहेरचं दार ओढून घेतलं आणि पाणी आणायला गेले.

आमचा वर्ग त्याच ओळीत, खालच्या मजल्यावर. बाई फळ्याशी होत्या. वाक्याच्या मधेच थांबल्या. मग आम्ही पाहिलं, त्यांनी हातानं हवा स्वतःकडे लोटून घेतली. एकदा, पुन्हा एकदा. खडू हातातून पडला.

“वर चला. बठ्ठा वर चला. खाले थांबू नका.”

आम्ही उठलो. व्हरांड्यात आलो तर मुख्याध्यापक घंटा देत होते आणि सगळ्यांना मैदानात यायला सांगत होते. मैदान संडासाच्या बाजूलाच, आणि वारा तिकडेच वाहत होता. बाई ओरडल्या, की हा वायू हवेपेक्षा जड आहे, जमिनीलगत पसरतो, मुलांना गच्चीवर न्या. मुख्याध्यापक म्हणाले, आधी मैदान. क्षणभर सगळी शाळा दोघांच्या मधे उभी राहिली. मग आमचा वर्ग जिन्याकडे वळला आणि मागून बाकीचे आले. मला अजून सांगता येत नाही आम्ही तसं का केलं. बहुधा अहिराणीमुळे. बाईंची अहिराणी निघाली की काहीतरी खरंच पेटलेलं असतं, एवढं आम्हाला ठाऊक होतं.

पुढचं मी गच्चीच्या कठड्यावरून पाहिलं. बाईंनी पाण्याच्या पिंपात पदर बुचकळला, नाकातोंडाभोवती गुंडाळला आणि दार उघडलं. दारातून पिवळट हिरवा धूर पायांशी सांडला, सांडल्यासारखाच, वर न जाता. त्या आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा पाचवीतली पोर त्यांच्या काखेत होती. तिला वाऱ्याच्या वरच्या अंगाला, निंबाखाली ठेवलं आणि त्या परत आत गेल्या. या वेळी उशीर लागला. हर्षदानं कडी लावलेली होती. आतून लाथांचे आवाज आले. सुपडूभाऊ कळशी घेऊन तिथंच उभे होते, त्यांना पुढेही जाता येत नव्हतं आणि मागेही. शेवटी बाई हर्षदाला ओढत बाहेर आल्या आणि दोघी निंबापर्यंत पोचायच्या आधीच खाली बसल्या.

तिघींना केळीच्या पिकअपमधून दवाखान्यात नेलं. पाचवीतली पोर लवकर घरी आली. हर्षदाला काही दिवस ऑक्सिजनवर ठेवलं. ती बरी झाली, आता सुरतेला असते, दोन मुलं आहेत. बाई बऱ्या झाल्या, पण आवाज परत आला नाही. आला तो खरखरीत, कुजबुजल्यासारखा.

दवाखान्यात मुख्याध्यापक आणि संस्थेतले एक गृहस्थ आले तेव्हा मी हर्षदाच्या आईबरोबर तिथंच होते. त्यांनी टाइप केलेला कागद आणला होता. त्यात लिहिलं होतं, की तपासणीच्या दिवशी उकाड्यामुळे दोन विद्यार्थिनींना चक्कर आली. वर्गशिक्षिका म्हणून बाईंची सही हवी होती. गृहस्थ गोड बोलत होते. संस्थेचं नाव, शाळेचं अनुदान, आणि त्या सुपडूचं पोट, हे सगळं तुमच्या हातात आहे, असं म्हणाले. सुपडूला उद्यापासून येऊ नको म्हणून आम्ही सांगणारच आहोत, गाजावाजा नको.

बाईंना बोलता येत नव्हतं. त्यांनी पेन मागितलं. कागद मांडीवर घेतला आणि त्या मजकुराखाली सावकाश समीकरण लिहिलं. डावीकडे ब्लीचिंग पावडर आणि हायड्रोक्लोरिक ॲसिड, मधे बाण, उजवीकडे कॅल्शियम क्लोराइड, पाणी आणि क्लोरीन. क्लोरीनच्या पुढे वर जाणारा छोटा बाण, वायू सुटला म्हणून. मग बोटानं दोन्ही बाजूंचे अणू मोजले, ॲसिडाच्या आधी दोनचा आकडा घातला, आणि खाली सही केली.

मुख्याध्यापक स्वतः गणिताचे होते. त्यांनी कागद घेतला, वाचला आणि घडी करून खिशात ठेवला. तो कागद त्यांच्या काही उपयोगाचा नव्हता.

सुपडूभाऊंवरून बाई नंतर अडून बसल्या. आवाज थोडा आल्यावर त्यांनी शाळेत सगळ्यांसमोर सांगितलं, की त्या माणसाला काढायचं असेल तर आधी मला काढा. मी ही गोष्ट इतकी वर्षं पोरांना शिकवतेय, आणि ज्याच्या हातात ती बाटली रोज असते त्याला एकदाही सांगितली नाही. सुपडूभाऊंची नोकरी राहिली. बाईंना जूनमध्ये संस्थेच्या बोदवडच्या शाळेत पाठवलं. शिक्षा म्हणून असं कुणी म्हटलं नाही. गावात सभा वगैरे झाली नाही. लोक हळहळले आणि केळीच्या लागणीच्या कामाला लागले.

सामान न्यायला नानांनी आमचा पिकअप काढला. मीही गेले. खोक्यांवर सगळीकडे चिठ्ठ्या होत्याच, त्यामुळे चढवायला उतरवायला काही अडचण आली नाही. वाटेत नाना एकटेच बोलत होते, पाण्याबद्दल, खताबद्दल, आबांच्या गुडघ्यांबद्दल. बाई खिडकीशी बसून मान डोलवत होत्या. बोदवडला सामान लागल्यावर नाना दारात घुटमळले. मग म्हणाले, “बाई, त्या दिवशी तुम्ही हात धरला नसता, तर मी आज गाडी चालवत नसतो.” बाईंनी त्यांना बसायला सांगितलं आणि चहा टाकला.

मी पुढे रसायनशास्त्रच घेतलं. आता धुळ्याला पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे. गावोगावच्या विहिरींचं पाणी येतं, त्यातले आयन आम्ही मोजतो. बाई निवृत्त होऊन धुळ्यातच बहिणीकडे राहतात, हे मला हर्षदानं सुरतेहून फोन करून कळवलं. तेव्हा मला इथं येऊन वर्ष होत आलं होतं. तिचं आणि बाईंचं दिवाळीला न चुकता बोलणं होतं. म्हणजे हर्षदा बोलते.

मी गेले तो रविवार होता. बाई बहिणीबरोबर बाहेर निघाल्याच होत्या. केस पिकलेले, चाल तीच. मला बघून थांबल्या, नीट पाहिलं, आणि चल म्हणून खूण केली. वाटेत त्यांच्या बहिणीनं सांगितलं, की यांना सर्दी झालीय, आज उरलासुरला आवाजही बसलाय, तरी ऐकत नाहीत.

जवळच्या वस्तीतल्या देवळाच्या सभामंडपात पंधरावीस बाया बसल्या होत्या. दवाखान्यांतले, हॉटेलांतले, अपार्टमेंटमधले संडास-बाथरूम धुणाऱ्या. बाई महिन्यातून एकदा दुपारी त्यांना बोलावतात. समोर दोन बाटल्या होत्या, एक ॲसिडाची, एक ब्लीचची. बाईंनी बोलायला तोंड उघडलं, नुसती हवा आली. त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

मी उभी राहिले. मी रोज पाणी तपासते, पण कुणाला शिकवलेलं नव्हतं. मी सुरुवात केली, की या द्रावणात हायपोक्लोराइट असतं. बाया माझ्याकडे बघत राहिल्या. पुढे बसलेली एक म्हणाली, “ताई, आम्हनी भाषामा सांग.” मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी भुवया उंचावल्या, म्हणजे सांग ना. मग मी येईल तशी अहिराणी बोलू लागले. हाई बाटली आनि ती बाटली, दोन्ही एकत्र करू नका, इख शे. बाया हसल्या. माझं एक वाक्य चौघींनी मिळून दुरुस्त केलं. पण त्या सरकून पुढे आल्या. धूर कसा येतो, तो खाली कसा साचतो, खोकला आला तर पाणी पीत न बसता बाहेर कसं पडायचं, हे मी सांगत गेले. एकीनं आपल्याला हे झालं होतं ते सांगितलं, दोन दिवस छाती दुखत होती.

मग मागून एक तरुण बाई उठली. म्हणाली, “हाई बठ्ठं समजनं. पन मालकीन सांगस, दोन्ही टाक, दार लाई ले. मंग काय करानं?”

नाही म्हणून सांगा, असं मी म्हटलं असतं, पण उद्या काम कोण देणार हे तिनं विचारलं असतं, आणि ते मला माहीत नव्हतं.

बाई सतरंजीवरून उठल्या. दोन्ही बाटल्या उचलून एकमेकींपासून लांब, मंडपाच्या दोन टोकांना नेऊन ठेवल्या. चपला घातल्या. आमच्यापैकी कुणाकडेही न बघता मंडपातून चालत बाहेर गेल्या आणि समोरच्या मोकळ्या जागेत, उन्हात जाऊन उभ्या राहिल्या. तिथून त्यांनी त्या तरुण बाईला हातानं बोलावलं, सोड ते, बाहेर ये, असं.

ती आधी हसली. मग पदर सावरून तीही निघाली.